एका वेळी एक पान

संगणकावर बसलेलो असताना खांद्यावरून हात पुढे घालून माझी उघडी पानं बंद करणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. संग्रामपुरात त्यांना सगळे चाचा म्हणत. आधी टायपिंगवाले चाचा, मग नेटवाले चाचा, आणि शेवटी शेवटी नुसते 'ते'. कमलबाईचा पीकविमा कापून त्यांनी आपल्या व्याह्याचं नाव तिथं बसवलं, असं गाव म्हणत होतं. त्यांच्या लेकीलाही तेच वाटत होतं. तसं काही झालं नव्हतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी ते बोललो नाही. चाचा गेले त्याला आता दोन उन्हाळे झाले.

दुकान बसस्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. बाहेर लांब लाकडी बाक, आत पाच मशीन, आणि कोपऱ्यात मेणकापड घातलेला जुना टाइपरायटर. चाचा मूळचे रोहिणखेडचे. तिथून तरुणपणी टायपिंग शिकवायला म्हणून इकडे आले आणि इकडचेच झाले. टायपिंगचा जमाना सरला तसं त्यांनी नेट घेतलं, पण माणूस टाइपरायटरचाच राहिला. एका वेळी एक कागद. तो पुरा करायचा, काढायचा, मग दुसरा घालायचा. संगणकावरही त्यांचा हाच कायदा होता: एका वेळी एक पान उघडं ठेवायचं. दुसरं लागलं तर पहिलं बंद करायचं.

समोरचा चहावाला त्यांना मुद्दाम छेडायचा. "चाचा, कार्बन लावून चार चार कागद घालत होते ना तुमी. माह्या दाखल्याच्या कॉप्या तुमीच काढल्या."

"काढल्या. मंग? चौथी कॉपी चालली का तुही तहसीलमधी?"

"नाही चालली."

"परत आला का नाही माह्याकडं?"

"आलो."

"मंग चहा ठेव."

'नेट स्लो आहे' हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. ते लगेच खुर्ची ओढून गिऱ्हाइकाच्या शेजारी बसत आणि वैदूसारखी चौकशी सुरू होई. एकदा एका ठेकेदाराचा पोरगा असाच ओरडला. चाचा चष्मा पुसत गेले. पोरानं एकीकडं क्रिकेटचा स्कोर लावला होता, एकीकडं गाणं चालू होतं, एकीकडं खामगावचे कापसाचे भाव, एकीकडं मोटरसायकली, आणि वरच्या पट्टीत नावंही दिसणार नाहीत इतकी पानं चिकटून बसलेली.

"आता कोनतं पान पाहून राह्यला तू?"

"सगळेच पाहून राह्यलो चाचा."

"डोळे किती हायेत तुले?"

"दोन."

"आन दोन्ही एकीकडंच पाह्यतेत ना? का एक स्कोर पाह्यते आन एक गाडी?"

मागचा बाक हसला. चाचांनी एकेक पान बंद करायला सुरुवात केली. बंद करण्याआधी प्रत्येकाचं नाव मोठ्यानं वाचायचं, ही त्यांची सवय. "गाणं. हे तू ऐकून राह्यला नव्हता, नुसतं वाजून राह्यलं होतं. मोटरसायकल. बापानं घेऊन देली का? नाही ना. बंद." उरलं कापसाच्या भावाचं पान. ते लगेच उघडलं. पोरगा म्हणाला, "भाव तं कमीच हाये." चाचा म्हणाले, "ते माह्या हातात नाही. पान खुललं ना?"

एवढ्यानं काम भागलं नाही तर पुढची पायरी. तेच पान शेजारच्या मशीनवर उघडून पाहायचं. तिथं पळालं तर दुखणं या मशीनचं. मग फुकटच्या गेमांबरोबर ब्राउझरला येऊन चिकटलेल्या पट्ट्या काढायच्या, जुना साठलेला कचरा साफ करायचा, मशीनच्या डब्यावर तळहात ठेवून ताप आहे का बघायचा. तिथंही अडलं तर दुसरंच एखादं पान उघडून बघायचं. तेही अडलं तर दुखणं लाइनीचं. आणि ते पळालं, नुसतं आपलंच पान अडलं, तर चाचा हात झटकत. "मुंबईले गर्दी हाये. बसा." सर्व्हर हा शब्द त्यांना येत होता, पण मुंबई म्हटलं की बाकावरच्या माणसाला पटे.

रिफ्रेशचं बटण दाबणाऱ्यावर ते खरोखर चिडत. "अबे, रांगेत उभा होता ना तू? हे दाबलं म्हनजे रांग सोडून पुन्हा मागं जाऊन उभा राह्यला." ते म्हणायचे ते अगदी खोटं नव्हतं. पण त्यांचं सगळंच काही खरं नव्हतं. दोन-चार पानांनी त्या मशिनींना काही होत नव्हतं, हे मी त्यांना किती वेळा दाखवून दिलं. ते बघत, मान हलवत, आणि हात पुढे करून बंद करत. हट्टी होते. विजेच्या बाबतीत चिक्कू होते. गिऱ्हाईक उठायच्या आधी पंखा बंद होई. आणि माझ्या वेगाचा त्यांना राग होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

मी त्यांच्याकडं आलो तेव्हा पोरगा नव्हतो. तिशी उलटली होती. वडील तहसीलमधून कारकून म्हणून निवृत्त झालेले, घरात माझ्याबद्दल बोलणं टाळायची पद्धत पडलेली. कॉम्प्युटरचा कोर्स केला होता एवढ्या भांडवलावर चाचांनी मला दुसऱ्या मशीनवर बसवलं. दुकान सरकारी सेवा केंद्र झालं, तेव्हा केंद्राचा आयडी त्यांच्या नावे आला. तो पहिल्या मशीनवर, भिंतीकडच्या, आणि तिथं चाचाच बसत.

त्यांची बायको मी येण्याआधीच गेली होती. एक लेक. ती उर्दू शाळेत शिकवायची, दिलेली होती तालुक्यातल्याच एका गावात. चाचांचा फोनही एका वेळी एकच. लावायचे, विचारायचे, "जेवली का?" उत्तर आलं की ठेवून द्यायचे. दोन मिनिटांनी पुन्हा. "लेकरू शाळेत गेलं का?" ठेवला. मग पुन्हा. मी एकदा म्हटलं, "चाचा, एकाच फोनमध्ये विचारा ना सगळं." ते म्हणाले, "मंग ती एकच जवाब देते. 'सब ठीक है.' वेगळं वेगळं विचारलं का वेगळं सांगा लागते." आपा, म्हणजे त्यांची लेक, तिकडून चिडायच्या म्हणे, पण फोन उचलायच्या. प्रत्येक वेळी उचलायच्या.

व्याही म्हणजे आपांचे सासरे. उंच, ताठ, कापसाची बरीच शेती, बोलणं मोजकं. ते कामाला आले की आम्हाला वाटे चाचा त्यांना आत घेतील. चाचा बाकाकडं हात करत. "बसा भाई, यांचं होऊ द्या." व्याही बसत. एकदा त्यांच्या पुढं एक म्हातारी होती, तिला नातवाचा दहावीचा निकाल बघायचा होता आणि नंबर आठवत नव्हता. ती घरी जाऊन नंबर घेऊन आली तोवर चाचांनी व्याह्यांना बसवून ठेवलं. चहावाला म्हणाला, "चाचा, लेक देली हाये तिकडं, जरा जपून." चाचा म्हणाले, "लेक घरात देली. रांगेत नाही देली."

मला हे आठवतं, आणि मग गावानं त्यांच्यावर काय ठेवलं तेही आठवतं.

पीकविम्याचा शेवटचा दिवस. पेरण्या झाल्या होत्या, सगळीकडं बीटी कापूसच. बँकेनं लोकांना आमच्याकडं पिटाळलं होतं. बाक भरला, बाकाच्या पुढं रांग, ती स्टँडच्या भिंतीला जाऊन लागली. आणि साइट हालत नव्हती. चाचांनी आपल्या सगळ्या पायऱ्या करून पाहिल्या. दुसरी मशीन, दुसरं पान, लाइन. मुंबईलाच गर्दी होती. ते एकाचा अर्ज घेत, पान फिरत राही, फिरत राही, ते हात मांडीवर ठेवून बसून राहत. दुपार झाली तरी रांग तिथंच.

लोक बोलायला लागले. कोणी म्हणालं, "चाचा, या हिशेबानं आमचा कापूस निघून खामगावले जाईन." कोणी म्हणालं, "त्या भाऊले बसवा ना, त्याचे हात चालतेत." भाऊ म्हणजे मी. मी खुर्चीत पुढं सरकून बसलो. ते चाचांनी पाहिलं. रांगेकडं पाहिलं. मग टोपी उचलली आणि म्हणाले, "तू बस इथं. मी नमाजले जाऊन येतो."

नमाजची वेळ नव्हती. हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. अशा दिवशी ते खुर्ची सोडून कधी उठले नव्हते. त्यांनी डोळे मिटून घेतले, मला परवानगी दिली, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरंही असेल. पण परवानगी त्यांनी टॅब उघडायची दिली होती. पुढं मी जे केलं, ते तिच्यात बसत नाही.

मी बसलो आणि एकामागून एक टॅब उघडत गेलो. एकाचं पान फिरतंय तोवर दुसऱ्याचं नाव घालायचं, दुसऱ्याचं अडलं की तिसऱ्याचा सातबारा. युक्ती चालली. रांग हलली. लोक मागून म्हणत होते, "पाह्य, कसा धडाधड चालून राह्यला." मला आनंद होत होता, हे लिहायलाच पाहिजे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या गावात माझ्याकडं कोणी कौतुकानं बघत होतं.

त्या गर्दीत कमलबाई माझ्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसल्या. सातपुड्याच्या पायथ्याकडच्या गावच्या. नवरा नाही, शेत स्वतः करायच्या. कागद प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून आणलेले. त्यांचं पान अडलं म्हणून मी शेजारी नवं उघडलं, त्यांच्या मागं व्याही होते, त्यांचं भरायला घेतलं. मग कमलबाईचं पान हललं, मी परत तिथं गेलो. मग इकडं. मग तिकडं.

आता हे मला कळतं, तेव्हा कळत नव्हतं. केंद्राचा लॉगिन एकच. आपल्याला डोळ्यांसमोर दोन पानं दिसतात, दोन नावं दिसतात, पण पलीकडं सर्व्हरच्या हातात एका वेळी एकच अर्ज असतो. मी कमलबाईच्या पानावर बटण दाबत होतो आणि तिकडं तो हातातल्या अर्जावर लिहीत होता. शेवटी जो भरला, तो राहिला. त्या दिवशी बहुतेकांचे अर्ज नीट गेले, कारण ते एकामागून एक पुरे झाले. हे दोनच एकमेकांत अडकले. व्याह्यांचा राहिला. कमलबाईचा त्याच्याखाली पुसला गेला. पावती मात्र दोघांची निघाली.

दिवेलागणीला मी पावत्यांच्या केंद्राकडच्या प्रती लावून ठेवत होतो. कमलबाईच्या पावतीवर नाव त्यांचं होतं आणि अर्जाचा नंबर व्याह्यांच्या पावतीवरचाच. मी दोन्ही कागद शेजारी धरले. पुन्हा बघितलं. साइट अजून चालू होती. कमलबाई शेवटच्या बसनं गेल्या होत्या, पण त्यांच्या कागदांच्या झेरॉक्स माझ्या समोर होत्या. दुसरा अर्ज भरता आला असता. पण त्यासाठी आधी चाचांना सांगायला लागलं असतं, की तुम्ही म्हणत होता तेच बरोबर. एवढीच गोष्ट होती. प्रिंटमध्ये काही घोळ झाला असेल, मुंबईहून निस्तरतील, असं मी मनाशी म्हटलं आणि कागद गठ्ठ्यात घातले.

चाचा आले. रस्ता मोकळा झालेला पाहून उभे राहिले.

"सगळे झाले?"

"झाले."

"बरोबर झाले?"

"हो चाचा."

ते माझ्या मागं आले, खांद्यावरून हात घातला आणि उघडी पानं एकेक करून बंद केली. नावं मात्र त्या दिवशी मोठ्यानं वाचली नाहीत.

मग ते बोंडअळीचं वर्ष निघालं. बाहेरून कापूस हिरवागार, बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. बीटीला अळी लागत नाही म्हणून महागाची पाकिटं घेतलेली, त्याच बीटीला. लोक दुकानात फुटकं बोंड मुठीत घेऊन येत आणि म्हणत, "नेटवर पाह्य ना, याले काय मारा लागते." मी दहा उपायांची दहा पानं उघडायचो. चाचा नऊ बंद करत आणि उरलेलं एक मोठ्यानं वाचून दाखवत, सावकाश, पुन्हा पुन्हा. ऐकणारा मान हलवे आणि उठून जाई. त्या वर्षी दुकानात हसण्याचा आवाज नव्हता.

आमच्या महसूल मंडळाला विमा मंजूर झाला तेव्हा लोकांच्या जिवात जीव आला. आणि कमलबाई पावती घेऊन आल्या.

चाचांनी नंबर टाकला. व्याह्यांचं नाव आलं. त्यांनी पुन्हा टाकला. कमलबाई स्टुलावर बसून पडद्याकडं बघत होत्या.

"काय म्हन्ते, चाचा?"

"थांब बाई. पाहून राह्यलो."

त्यांनी मला हाक मारली नाही. मी दुसऱ्या मशीनवर होतो, चार हातांवर. चाचांनी दुसऱ्या कसल्याशा अर्जाचं कोरं पान उघडलं. मग, मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, शेजारी दुसरं टॅब उघडलं. पहिल्यात स्वतःचं नाव टाइप केलं. दुसऱ्यात माझं. पहिल्यावर परत गेले, बटण दाबलं. पडद्यावर आलं ते माझं नाव. त्यांनी ते पुसलं आणि पुन्हा एकदा तसंच करून पाहिलं, दुखणं नीट सापडल्याशिवाय ते कधी उठत नसत. पुन्हा माझंच नाव आलं. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मी काही सांगतो का, एवढं बघत होते. मी की-बोर्डकडं बघत राहिलो.

ते कमलबाईकडं वळले. "गलती इथंच झाली, बाई. माह्या दुकानात. अर्ज तुहा गेलाच नाही."

"आन हे नाव कोनाचं?"

"माह्या व्याह्याचं."

कमलबाई स्टुलावरून उठल्या. मग पावतीची घडी घातली, पिशवीत ठेवली. "चाचा, मी तं तुमचं नाव आयकून आली होती," एवढंच म्हणाल्या. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

गावाला पुढचं सांगावं लागलं नाही. बाईची पावती, त्यावर व्याह्यांचा नंबर, आणि केंद्र लेकीच्या बापाचं. चहावाल्यानं आधी चाचांची बाजू घेतली, मग तोही गप्प झाला. कोणी म्हणे, "म्हनून तं रांगेत बसवत होते व्याह्याले, देखाव्यासाठी." तहसीलमधून चौकशी आली. साहेबानं विचारलं, मशीनवर कोण होतं. चाचा म्हणाले, "आयडी माहा हाये." साहेबानं पुन्हा विचारलं. चाचा पुन्हा तेच म्हणाले. मी शेजारच्या खोलीत होतो. मला कोणी विचारलं नाही. आयडी बंद झाला.

आयडी गेल्याचं त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. झेरॉक्सवर भागत होतं. पण व्याह्यांनी येणं सोडलं. ते ताठ माणूस. विमा हक्काचा होता, आणि चारचौघांत त्यांच्याकडं बोट दाखवलं जात होतं. घरात त्यांनी आपांना काय सुनावलं मला माहीत नाही. आपांनी फोन उचलणं बंद केलं. चाचा दुपारी लावत, वाजू देत, ठेवत. दोन मिनिटांनी पुन्हा लावत नसत. माझ्यासमोर तर नाहीच.

आणि याच दिवसांत मला बुलढाण्याला एका कचेरीत कंत्राटी ऑपरेटरची जागा लागली. शब्द चाचांनी टाकला होता, तिथल्या त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडं. चौकशीच्या आधी टाकला होता आणि नंतर मागं घेतला नाही. निघायच्या दिवशी मी पाया पडायला वाकलो, त्यांनी हात धरून उभं केलं. मला वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, "तिथं लाइन चांगली हाये म्हन्तेत." मी बसमध्ये बसलो. घाट चढेपर्यंत मी मनाशी ठरवत होतो, की पोचलो की पत्र लिहीन, पाय टेकले की फोन करीन. बुलढाण्याला गार वारा होता, नवी कचेरी होती. पहिला महिना गेला. मग न बोलण्याचीच सवय झाली. नंतर वर्षाकाठी एखादी चक्कर मारायचो तेव्हा आम्ही मशिनींबद्दल बोलायचो.

त्यांच्या मयतीला मी मागच्या रांगेत उभा होतो. व्याही आले होते. कबरीवर माती टाकताना कोणीतरी माझ्याजवळ हलक्या आवाजात म्हणालं, "मानूस वाईट नव्हता. एक डाग लागला बस." मी मान हलवली. होकाराची हलवली.

तरीही दोन वर्षं गेली. गेल्या महिन्यात मी आपांकडं गेलो. जायला काही मोठं कारण घडलं नाही. कचेरीत एका नव्या पोराकडून असाच दोन टॅबांत अर्ज अडकला, त्यानं त्याच दुपारी उठून साहेबाला सांगितलं. साहेब ओरडले, अर्ज दुरुस्त झाला, संध्याकाळी पोरगा डबा उघडून जेवत होता.

आपा शाळेतून नुकत्याच आल्या होत्या. वह्यांचा गठ्ठा अजून हातातच होता. सासरे शेतात गेलेले. मला ओसरीत बसवून त्यांनी पाणी दिलं आणि बुलढाण्याची हवा विचारली. मी पाणी न पिता सगळं सांगितलं, इथं लिहिलंय त्याच क्रमानं, पावत्या शेजारी धरल्या होत्या त्यासकट.

संपल्यावर आपा म्हणाल्या, "अब्बांना माहीत होतं? तुम्ही केलं ते?"

"हो. त्यांनी मशीनवर करून पाहिलं. माझ्यासमोर."

"आणि मला वाटायचं, माझ्यासाठी केलं." त्या वह्यांच्या कडा नीट करत होत्या. "इथं माझं वजन राहावं म्हणून. याचाच राग होता मला, भाऊ. की माझ्यासाठी एका बाईचं नुकसान केलं. दुसऱ्या कशाचा नव्हता."

मी माफी मागितली असावी, शब्द आठवत नाहीत.

"ते आले होते इथं एकदा," त्या म्हणाल्या. "जायच्या आधीच्या थंडीत. बसनं, एकटे. मी आतून पोराला पाठवलं, अम्मी शाळेत गेली म्हणून सांग म्हटलं. रविवार होता. ते तिथं बाहेर उभे राहिले थोडा वेळ. मग गेले." त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि आवाज इतका खाली आला की मला पुढं वाकावं लागलं. "हेच सांगायला आले असतील ना?"

मी तिथं स्वतःला हलकं करायला गेलो होतो. माझं ओझं मी उचलून त्यांच्या ओसरीवर ठेवलं होतं, आणि ते आता त्यांचं झालं होतं, हे मला त्या क्षणी दिसलं.

"नाही, आपा," मी म्हटलं. "ते सांगायला आले नव्हते. सांगायचं असतं तर चौकशीतच सांगितलं असतं. तुम्हाला नुसतं बघायला आले असतील."

आपा वह्या मांडीवर घेऊन बाहेरच्या रस्त्याकडं बघत बसल्या. मी म्हटलं ते खरं होतं की नाही, मला माहीत नाही. संध्याकाळ झाली, शेतातून त्यांचे सासरे येताना दिसले, आणि आपा उठल्या. "थांबा," म्हणाल्या. "त्यांनाही सांगा. सगळं सांगा. मी इथंच बसते."